एकूण हजर एकोणपन्नास

१

कांदळखारच्या ग्रामपंचायतीच्या कपाटातून जी वही नाहीशी झाली तिच्यात तीनशे बारा नावं होती. तिच्या जागी जी सापडली तिच्यात एकोणपन्नास. बाकी सगळं जागच्या जागी होतं. निळा पुठ्ठा तोच, कप्पा तोच, कुलूपही धड. आणि शासनाची मर्यादा होती पन्नास. एवढा शहाणा चोर पेण तालुक्यात या आधी कुणी पाहिला नसेल.

चौकशीला मला पाठवलं ते माझ्या हुशारीसाठी नव्हे. मी समीक्षा, रोह्याच्या पंचायत समितीत विस्तार अधिकारी. कांदळखारशी सोयरीक नसलेला अधिकारी पेणकडे शोधून सापडेना, म्हणून वरून माझं नाव निघालं. आमच्या खात्यात निःपक्षपाती माणूस म्हणजे ज्याला अजून कुणी जेवायला बोलावलेलं नाही तो.

प्रकरण असं. दोन हजार बावीसच्या जानेवारीत साथ पुन्हा वाढली. मैदान उघडं असो की झाकलेलं, पन्नासाच्या वर माणूस नको, असा आदेश वर्षाच्या शेवटी आला. दोन जानेवारीच्या रविवारी कांदळखारच्या गावकीनं देवळासमोरच्या मैदानात सोहळा ठेवला होता. कसला? कोविड योद्ध्यांच्या सत्काराचा. साथीशी लढल्याबद्दल शाल-श्रीफळ आणि वर स्नेहभोजन. त्या दिवशी अमावास्या पडली, म्हणून शाली आदल्या संध्याकाळी घरोघर पोचवल्या आणि रविवारी सत्कारमूर्ती त्या पांघरूनच आले. देवाला फसवायला एवढं पुरतं, असा त्यांचा समज असावा.

पंधरवड्यात गावात त्रेसष्ट रुग्ण निघाले. मिठागरातली सीताबाई नावाची म्हातारी गेली. मग सोहळ्याचा व्हिडिओ फिरला, तक्रार झाली, आणि सगळ्यांना अचानक ती वही आठवली. ग्रामसेविका ऋतुजानं फाटकावर उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाचं नाव तिच्यात लिहिलं होतं. गटविकास अधिकाऱ्यांसमोर तिनं कपाट उघडलं, वही काढली, पहिलं पान पाहिलं आणि तिथेच खुर्चीत बसली. साहेबांनी नावं न वाचता, नुसता शेवटचा आकडा बघून वही लखोट्यात घातली आणि लाख लावली. त्यानंतर तो लखोटा मीच फोडला.

एकोणपन्नास नावं, प्रत्येकापुढे येण्याची वेळ, शेवटी 'एकूण हजर ४९'. अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं, मुद्दाम बिघडवलेलं. हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवलं असतं तर अहवाल येईपर्यंत पुढची साथ आली असती. पण प्रत्येक पानाच्या तळाशी एक सही मात्र धडधडीत होती.

मी ऋतुजाला बोलावून वही समोर धरली. तिनं पानं उलटली आणि म्हणाली, "मॅडम, सही माझीच आहे."

२

ऋतुजा सव्वीस वर्षांची, आमच्याच रोहा तालुक्यातल्या भात-वाल पिकवणाऱ्या गावची. निडीला आईवडील, पेणला भाड्याची खोली. ग्रामसेवकाला पहिली तीन वर्षं कंत्राटावर काढावी लागतात, मग कायम करतात. तिची तीन वर्षं फेब्रुवारीत संपत होती. वही खोटी ठरली आणि ती तिनं केली असं ठरलं, की ती घरी. आणि वही खरी ठरली तर तीनशे बारा माणसं होती असं सांगणारी ती खोटारडी, म्हणजे तरीही घरीच. दोन्हीकडून तिचीच मान सापडेल असा फास होता.

"सही तुझी, मग नावं कुणाची?"

"दोन वह्या आणल्या होत्या मॅडम. एक सोहळ्याला, एक सोमवारच्या लसीकरणाला. शनिवारीच दोन्हींवर पानांचे नंबर टाकले आणि सह्या केल्या."

हे खरं असणार, कारण आमची पद्धतच ती. नव्या वहीचं पान कुणी फाडू नये म्हणून आधीच सगळ्या पानांवर सही करून ठेवायची. चोरीला आळा घालायचा म्हणून चोराला कोऱ्या कागदावर सही देऊन ठेवायची, हे फक्त सरकारलाच सुचतं.

"मग लसीकरण?"

"लस आलीच नाही. वही कोरी राहिली, कपाटातच होती. वर नाव घातलं नव्हतं. कुणीतरी ती भरली आणि माझी नेली."

"चाव्या कुणाकडे?"

"तीन आहेत. एक माझी. एक नितेशची, तो आमचा संगणक परिचालक. आणि एक पोलीस पाटलांची, जगनदादांची. ऑक्सिमीटर त्याच कपाटात ठेवतो ना, दक्षता समितीसाठी."

"आणि गावकीचे अध्यक्ष?"

ऋतुजा पहिल्यांदाच थोडी हसली. "हैबतरावांना चावी कशाला लागते मॅडम? त्यांनी नुसता हात पुढे केला तरी गाव आपापली चावी ठेवतं त्याच्यावर."

म्हणजे चौघं. त्यातली एक माझ्यासमोर बसली होती, आणि तिच्या विरुद्धचा पुरावा तिच्याच सहीचा होता.

३

एसटीचा संप चालू होता. रोह्याहून सकाळच्या गाडीनं पेणला उतरले आणि रिक्षानं कांदळखार गाठलं. खाडीकडेचं गाव, पुढे खारभूमीचा बांध, त्यापलीकडे मिठागरं. देवळासमोर पाऊल टाकलं आणि थबकले.

मैदानाच्या कडेला ऑइलपेंटनं पांढरे गोल काढले होते, सहा-सहा फुटांवर. टाळेबंदीत रेशन वाटताना अंतर राखायला काढलेले. गोल सगळीकडेच होते तेव्हा. पण इथे प्रत्येक गोलात घराच्या कर्त्याचं नाव होतं, देवळाच्या दारापासून सुरू होऊन पार रस्त्यापर्यंत. पहिलं हैबतरावांचं. मला वाटलं आळीनुसार असतील. विचारलं तर शेजारी उभ्या असलेल्या बाईनं तोंडाला पदर लावून सांगितलं, "मानाप्रमाणं हायत बाय. होळीला नारळ ज्या क्रमानं टाकतात तसं."

जग श्वास कोंडून मरत होतं आणि ही माणसं रांगेत कोण कुणाच्या पुढे ते रंगवत होती. मी मोबाइलनं फोटो काढून ठेवले, नुसत्या करमणुकीसाठी.

चौकशीची बातमी लागल्यावर गावकी जमली आणि प्रत्येक जण आपापल्या गोलात जाऊन उभा राहिला. शिस्त वाखाणण्यासारखी. फक्त दुसऱ्या गोलात दोन माणसं एकमेकांना खेटून उभी होती. एक पन्नाशीचा, मिशीवाला, तो जगन पोलीस पाटील. दुसरा तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, तो नितेश. दोघंही समोर बघत होते, दोघांचेही खांदे एकमेकांना ढकलत होते.

"हे काय?" मी हैबतरावांना विचारलं.

हैबतराव साठी ओलांडलेले, अंगावर सत्काराची शाल, मास्क हनुवटीला. "दुसरा मान कुणाचा ते अजून ठरलं नाय मॅडम. दोन्ही घरं म्हनतात आमचा. आता मी एकाला पुढं लिवला तर दुसरा कोर्टात जातो. म्हनून मी दोघांना एका रेषेत लिवतो, पत्रिका असो की पाटी. बाजूला देणगीचा फळा हाय, बघा. दोन्ही नावं शेजारी-शेजारी, अक्षर बी मापानं सारखं."

फळा पाहिला. खरंच मापून काढला होता.

"रविवारी किती माणसं होती?"

"घराटी एक. सत्तेचाळीस घरं, आनी मिठागरातले एक-दोन. नियम म्हंजे नियम."

"व्हिडिओत तर मैदान भरलंय."

"तो जुना हाय, जत्रेचा. नीट बघा ना, कुणाच्या तोंडाला मास्क हाय का? कोरोनाच्या आधीचा असनार."

या युक्तिवादाला मात्र तोड नव्हती. नियम इतका मोडा की नियम होता हेच कुणाला पटू नये.

जगनची तऱ्हा वेगळी. त्याला कुणी विचारण्याआधीच सांगायची घाई. "मी स्वतः बारा वाजता ठाण्यात फोन केला मॅडम. कळवलं, पंचेचाळीस-पन्नास माणसं हायत, शांततेत चाललंय. नोंद असंल त्यांच्याकडं. माझा रिपोर्ट आनी वही जुळतात, मग आनखी काय पाहिजे?"

"तुम्ही वही पाहिली?"

"नाय. एकोणपन्नास आकडा साहेब फोनवर बोलले, तो ऐकला. त्यापुढं कोनी काय लिवलंय, मना काय ठाव? लिवणारी ती पोरगी."

नितेश कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "मी जेवणाच्या पंक्तीत वाढत होतो. चावी माझ्या खिशात होती. मला नका ओढू. ग्रामसेविकेचीच सही आहे म्हणतात ना?"

म्हणजे गावाचं ठरलं होतं. परक्या तालुक्यातली, कंत्राटी आणि बाई. बळी द्यायला याहून सोयीचं काय असतं?

मी निघाले तेव्हा बांधावरून एक बाई हाक मारत धावत आली. "मॅडम! त्या वहीत माझं नाव हाय का?"

मी नावं कुणाला सांगणार नव्हते. पण तिचं नाव विचारलं, आणि तिनं "बायजाबाई" म्हटल्यावर मी तिच्याबरोबर बांधाकडे निघाले. ते शेवटून पहिलं होतं. एकोणपन्नासावं, वेळ अकरा चाळीस.

४

बायजाबाई मिठागरात राबणारी. गेली ती सीताबाई तिची सासू. तिनं मला बांधावरच बसवलं आणि घागरीतलं पाणी दिलं. कांदळखारात मला चहा तिघांनी विचारला होता, पाणी हिनं पहिल्यांदा दिलं.

"गावकी म्हनते रोग आमच्याकडून आला. आम्ही पेणच्या बाजारात जातो ना मीठ इकायला, म्हनून. सोहळ्यात तर पन्नासच मानसं होती, मग गावात कुठनं येनार? दुकान बंद केलंय आम्हाला. माझी सासू घराबाहेर नव्हती पडली बाय. पन माझा दीर गेलता जेवायला, पत्रावळी उचलायला बोलावलेला. तीनशे पत्रावळी उचलल्या त्यानं एकट्यानं. त्यानं आनला घरी."

"तू गेली होतीस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काहीतरी अचाट विचारलंय. "मी? अमावास्येला?"

"अमावास्येला काय?"

"उधाण गो! तुमच्या रोह्याला कुंडलिकेची बी खाडी हाय ना, भरती ठाव नाय?" तिनं बोटं मोजली. "तिथीची पाऊणपट करायची. अमावास्येची तिथी पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती काठोकाठ येते, बारापर्यंत पानी टिकतं. तेव्हा बांधातल्या उघाडीची फळी उचलून मिठाच्या आगरात पानी घ्यायचं. महिन्यात दोनदाच येतं एवढं पानी. त्या येळेला उघाडी सोडून गेले तर पुढचे पंधरा दिवस मीठ कशाचं पिकवू? मालक पन तिथंच उभा होता, तीन बाया आनखी. इचारा कुणाला पन."

मी विचारलं. मालकानं सांगितलं, तिघींनी सांगितलं. भरतीच्या ऐन वेळी बायजाबाई चिखलात गुडघाभर उभी होती. त्याच वेळी वहीत ती मैदानात हजर होती.

वही खोटी असल्याचा पहिला धड पुरावा हाती लागला. मिठागरातल्यांना नावापुरतं शेपटाला लावलं आणि ती बाई त्या वेळी काय करत असेल याचा विचारही केला नाही. लिहिणाऱ्यानं मिठागर गेल्या वीस वर्षांत पाहिलं नसणार.

परतताना स्वतःवर खूष होते. पेण स्टेशनवर ऋतुजा भेटायला आली, तिला सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे वही खोटी आहे हे सिद्ध झालं मॅडम," ती म्हणाली. "आणि तिच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे. भरतीचं गणित न कळणारी, बाहेरून आलेली मीच आहे ना?"

मी तिला वाचवायला गेले होते आणि तिच्या गळ्याभोवतीचा दोर एक वेढा वाढवून आले होते.

५

रोह्याच्या गाडीत मी वहीच्या झेरॉक्स मांडीवर घेऊन बसले. पहिलं नाव हैबतराव, दहा वाजून पाच. पुढचं दहा वाजून आठ. पुढचं दहा दहा. एकोणपन्नास माणसं, कुणीही दोघं बरोबर आलेले नाहीत, एकानंही कुणाला मागे टाकलेलं नाही. मुंगीही अशी रांगेत चालत नाही.

कासू गेलं, नागोठणं आलं, तेव्हा मोबाइलवरचे फोटो उघडले, ते गोलांचे. आणि मोठ्यानं हसले. समोरच्या बाकावरच्या माणसानं मास्क नाकावर ओढला.

गोलातली नावं आणि वहीतली नावं एकामागोमाग एक जुळत होती. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. खोटी हजेरी लिहायला बसलेला माणूस खोटं बोलायला तयार होता, सरकारी वही चोरायला तयार होता, एका पोरीची नोकरी घालवायला तयार होता. पण बाराव्या मानाच्या घराला दहाव्याच्या आधी मैदानात येऊ द्यायला त्याचा हात धजावला नव्हता! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जळतानाही नीट वळत होता.

मग बाकीचं सोपं होतं. ऋतुजाला या गावचा मान माहीत असायचं कारण नव्हतं. गोल ती या गावात बदलून येण्याआधीपासून रंगवलेले होते, हे खरं. समोर बघून तिनं नावं उतरवली असंही कुणी म्हणेल. पण दुसऱ्या गोलात दोन नावं एका रेषेत होती. बघून उतरवणारा तिथे अडखळेल, किंवा दोघांची वेळ एकच लिहील. हैबतरावांनी लिहिलं असतं तर त्यांनीही दोघांना एकाच मिनिटाला आणलं असतं, मापून. नितेशनं लिहिलं असतं तर नितेश दुसरा आला असता.

मी बोट खाली सरकवलं. दुसरं नाव जगन, दहा आठ. तिसरं नितेश, दहा दहा. मध्ये दोन मिनिटांचं अंतर. त्या दोन मिनिटांसाठी बिचाऱ्यानं आयुष्यभर वाट पाहिली होती.

आणि कारण? तेही त्यानंच सांगून टाकलं होतं. बारा वाजता ठाण्यात फोन केला तेव्हा डोलवीच्या कंपनीतून नाइट शिफ्ट सुटून आलेली पोरंसुद्धा पंक्तीत बसली होती. गर्दी कळवणं हे पोलीस पाटलाचं एकच काम, आणि त्यानं तिथे शाल पांघरून पन्नास माणसं कळवली. ऋतुजाची वही उघडली असती तर पाटीलकी त्याच दिवशी संपली असती. म्हणून त्यानं वहीच आपल्या फोनशी जुळवून घेतली.

पण हा सगळा माझा तर्क होता. असा तर्क वरच्या साहेबांपुढे ठेवला असता तर त्यांनी मला रजा घ्यायचा सल्ला दिला असता. जगनच्याच तोंडून काहीतरी हवं होतं, आणि ते त्याला न विचारता.

६

दोन दिवसांनी पुन्हा देवळासमोर. गटविकास अधिकारी आले होते, ठाण्यातले एक हवालदार होते, ऋतुजा एका बाजूला उभी होती. गावकी गोलात. दुसऱ्या गोलात पुन्हा दोघं, खांद्याला खांदा.

मी सांगितलं, "कपाटातून निघाल्यापासून ही वही गावातल्या कुणालाही दाखवलेली नाही. आज वाचून दाखवते. आपापलं नाव आलं की हो म्हणा." आणि वाचायला घेतलं.

"एक. हैबतराव. दहा पाच."

"व्हय," हैबतराव समाधानानं म्हणाले.

"दोन. नितेश. दहा आठ."

नितेशच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की त्याला नक्कीच वहीतलं काही ठाऊक नव्हतं. पण तो हो म्हणायच्या आतच शेजारून आवाज फुटला.

"चुकीचं वाचताव! दुसरा मी हाय!"

"तीन," मी तशीच पुढे गेले. "जगन. दहा दहा."

"ओ मॅडम!" जगन गोलाबाहेर आला. "आठ मिनिटाला मी हाय, दहाला तो! उलटं काय वाचताव? वहीत तसं नाय लिवलेलं!"

मैदानात कुणी खोकलंसुद्धा नाही, आणि त्या महिन्यात ते अवघड होतं.

"कसं लिहिलंय ते तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

 जगननं ऋतुजाकडे पाहिलं. "हिनं सांगितलं," तो म्हणाला.

"काय सांगितलं?"

"की... दुसरं आमचं घर."

"येण्याच्या वेळेची यादी आहे पाटील. त्यात दुसरं घर कुठून आलं? ही पोरगी तुमच्या गावात कोण कितव्या मानाचा ते सांगू शकते का, विचारा." मी ऋतुजाला विचारलं, "सातवा मान कुणाचा?"

"मला नाही माहीत मॅडम," ती म्हणाली. "मला वाटायचं गोल नुसते अंतरासाठी आहेत."

मग मी बाकीचं सांगितलं, गाडीत जुळवलं होतं तसं, बायजाबाईच्या उधाणासकट. गटविकास अधिकाऱ्यांनी वही हातात घेऊन दुसरं आणि तिसरं नाव स्वतः पाहिलं. जगन पुन्हा आपल्या गोलात जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "जुनी वही खाडीत टाकली. ओहोटीला. डाव्या हातानं लिवली ही. पाटीलकी जायची पाळी आलेली मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्या हाय ती."

मला वाटलं होतं आता गाव त्याच्यावर उलटेल. ज्या मुलीला त्यानं खड्ड्यात ढकललं ती समोर उभी होती. ज्यांच्यावर रोगाचं खापर फोडलं ती माणसं बांधावर थांबलेली होती.

गाव उलटलंच. नितेशनं जगनची कॉलर धरली. "तू दुसरा? मला तिसरा लिवलंस तू? सरकारी वहीत?"

हैबतराव मध्ये पडले. "अरे पन दोन मिनिटांचा फरक कशाला ठेवलास? एका मिनिटात दोघांना लिवता येत नव्हतं?"

वहीत खोटं लिहिलं यावर कुणाचा आक्षेप नव्हता. फक्त क्रम चुकला होता. मला त्या क्षणी त्या सत्तेचाळीस गोलमालकांची इतकी किळस आली की मी वही मिटली आणि पाणी प्यायला बांधाकडे गेले.

७

जगन निलंबित झाला, ऋतुजावरचा आळ गेला. अहवाल लिहायला घेतला तेव्हा जिल्ह्याच्या एका साहेबांचा फोन आला. फार गोड बोलले. वही बनावट होती, पाटलानं केली, इथपर्यंत छान आहे म्हणाले. पण सोहळ्याला किती माणसं होती त्याचा आता कागद नाही. जुनी वही खाडीत. व्हिडिओची तारीख सिद्ध होत नाही. पत्रावळी मोजणारा दीर पुरावा नव्हे. "तेव्हा नियमभंग आढळून आला नाही एवढं लिहा आणि मुलीला सुटू द्या. तिचंही भलं, सगळ्यांचंच भलं."

खरं सांगते, मी तसंच लिहिणार होते. मी काही निराळ्या मातीची नाही. मुलगी वाचली होती, माझं काम झालं होतं, आणि कांदळखार बुडालं असतं तरी मी टिपं गाळली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या वेळेला ऋतुजा दारात उभी. तिनं एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. हातानं लिहिलेला, खाली सही.

वाचला. रविवारी दहा पन्नासला फाटकावर पन्नास नावं झाली, असं तिनं लिहिलं होतं. एकावन्नाव्या माणसाला आत सोडायचा अधिकार आपल्याला नव्हता. हैबतराव "लिव गो, नुसतं लिवत राहा" म्हणाले, आणि आपण लिहीत राहिलो. दोन वाजेपर्यंत तीनशे बारा माणसं आत गेली, ती आपण सोडली.

"हे कुणी मागितलं तुझ्याकडे?"

"कुणीच नाही."

"पुढच्या महिन्यात तुला कायम करायचंय. हा कागद आत गेला तर काय होईल कळतंय ना? तू सुटली आहेस ऋतुजा. घरी जा."

"बायजाबाईंना अजून दुकानात घेत नाहीत मॅडम. गर्दी झालीच नाही असं कागदावर राहिलं, तर रोग त्यांनीच आणला असंच राहील." तिनं कागद माझ्याकडे आणखी सरकवला. "ती वही मी लिहिली होती. आता नाहीये. मग कुणीतरी सांगायला नको का? गावात विचारलं तुम्ही. एकानं तरी म्हटलं का, मी होतो म्हणून?"

एकानंही म्हटलं नव्हतं. मला राग आला, तिचा नाही. पंचवीस वर्षांत मी कितीतरी एकावन्नावी माणसं आत सोडली होती, आणि असा कागद एकदाही लिहिला नव्हता.

मी कागद अहवालाला जोडला आणि साहेबांच्या गोड वाक्यावर काट मारली. नियमभंग झाला, असं लिहिलं. उपस्थिती तीनशे बारा, पुरावा ग्रामसेविकेचा स्वतःविरुद्धचा जबाब. गावकीवर गुन्हा दाखल झाला. ऋतुजाचं कायम होणं एका वर्षानं लांबलं, आणि तिला पेण तालुक्यातून उचलून तिच्या गावापासून दोन तासांवर टाकलं.

निरोप घ्यायला ती माझ्याकडे आली नाही. कांदळखारला गेली होती म्हणे, बायजाबाईबरोबर दुकानात. दुकानदारानं आधी गावातल्या चौघांना माल दिला, मग बायजाबाईला विचारलं काय पाहिजे. तिनं एक किलो साखर मागितली आणि त्यानं ती तोलून दिली.